इंग्रजीच्या तासाला गोष्ट आणि कविता कशासाठी?

"ते कविता-बिविता राहू द्या की ओ मॅडम, पोराला चार वाक्यं धड बोलता आली म्हणजे बास." सोलापुरातल्या मराठी शाळेत पालकसभा भरली की इंग्रजी शिकवणाऱ्याला हे ऐकायला मिळतंच. बोलणारा यंत्रमागावरची पाळी संपवून आलेला असतो, नाहीतर बोलणारी कारखान्यात विड्या जमा करून आलेली असते. पोरगं पुण्याला चांगल्या नोकरीला लागावं, मुलाखतीत अडखळू नये, एवढीच त्यांची इच्छा असते आणि ती अगदी रास्त आहे. मग त्यांना वाटतं, इंग्रजीच्या पुस्तकात कथा, कविता, नाटकातले प्रवेश भरून ठेवलेत कशाला? त्यापेक्षा अर्ज लिहायला, ईमेल पाठवायला, फोनवर बोलायला शिकवावं. वर्ष सत्कारणी लागेल.

"साहित्यानं मन समृद्ध होतं" असं सांगून या प्रश्नाचं उत्तर होत नाही. मन समृद्ध होत असेलही, पण पालकांनी विचारलंय इंग्रजीबद्दल. त्यामुळे उत्तर इंग्रजीतच शोधलं पाहिजे. नववी-दहावीच्या वर्गांवर बरीच वर्षं शिकवल्यावर माझं मत असं झालंय की गोष्ट आणि कविता काढून घेतली तर मुलांचं इंग्रजी बोलणंसुद्धा लंगडं राहतं. कसं, ते सविस्तर सांगते.

आपण वाचतो ते दोन तऱ्हेनं. एसटी स्थानकावरचा फलक वाचला, पंढरपूरची गाडी सहाला आहे हे कळलं, की त्या शब्दांशी आपलं काम संपतं. माहिती घेतली आणि पुढे निघालो. अर्ज, नोटीस, बातमी, सूचनापत्रक हे सगळं आपण असंच वाचतो आणि तसंच वाचायचं असतं. दुसऱ्या तऱ्हेच्या वाचनात मात्र शब्दांपाशी थांबावं लागतं, कारण सांगायचं ते सगळं लिहिणाऱ्यानं सांगितलेलं नसतं. लुईझ रोझेनब्लॅट या अमेरिकन प्राध्यापिकेनं १९३८ पासून पुढची कित्येक दशकं हाच फरक समजावून सांगितला. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: अर्थ कागदावर तयार पडलेला नसतो, मजकूर आणि वाचणारा यांच्या देवघेवीतून तो घडतो. पण म्हणून वाटेल तो अर्थ चालतो असंही नाही. मजकुराचा आधार ज्या अर्थाला जास्त, तो अर्थ जास्त टिकाऊ.

हे वर्गात कसं दिसतं ते बघा. फळ्यावर मी कधीकधी सोप्या इंग्रजीत एकच वाक्य लिहिते. मराठीत ते असं होईल: तिनं पत्र वाचलं, घडी घातली, तांदळाच्या डब्याखाली ठेवलं आणि मुलाला विचारलं, "चहा घेणार का?"

यात अवघड शब्द एकही नाही. आता प्रश्न असा की पत्रात काय होतं? वाक्यात तर ते कुठंच लिहिलेलं नाही. तरी वर्गातून धडाधड उत्तरं येतात. कुणी म्हणतं, वाईट बातमी होती. कुणी म्हणतं, मुलीचं लग्न जमलं. अशा वेळी मी एकच विचारते, "कशावरून?" लग्न जमलं म्हणणारा स्वतःच अडतो, कारण आनंदाची बातमी असती तर तिनं मुलाला लगेच सांगितली असती. मग दुसरा प्रश्न, डब्याखालीच का? फाडून का नाही टाकलं? एकदा मागच्या बाकावरची, एरवी तोंडही न उघडणारी मुलगी उठून म्हणाली होती, "तांदळाला आईचाच हात लागतो ना बाई, रोज. म्हणजे तिला ते विसरायचं नाहीये. फक्त पोराला दिसू द्यायचं नाहीये."

हे उत्तर कुठल्याही गाईडात सापडणार नाही. मुलीनं इंग्रजी वाक्यातली दोन क्रियापदं आणि एक जागा धरून एका बाईच्या मनातला बेत ओळखला आणि तो कशाच्या आधारावर ओळखला हेही सांगितलं. लिहिलेल्यावरून न लिहिलेलं ओळखणं आणि त्याचा पुरावा दाखवणं, हे काम वर्गात साहित्यच करून घेतं. कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी, मोबाइलवर आलेला भडक मजकूर पुढे पाठवण्याआधी, साहेबाच्या दोन ओळींच्या ईमेलमधला नाराजीचा सूर ओळखताना याच सवयीची गरज लागते. नुसता अर्जाचा नमुना घोटून ती सवय अंगी लागत नाही, कारण नमुन्यात ओळखण्यासारखं काही शिल्लक ठेवलेलंच नसतं.

आता बोलण्याकडे येऊ. पालकांचा खरा मुद्दा तोच आहे. "तुमचं नाव काय, कसे आहात, मी ठीक आहे" ही वाक्यं दोन मिनिटांत संपतात. त्यानंतर बोलायचं काय? मुलाखतीत विचारतात, "एखादा कठीण प्रसंग सांगा, त्यातून मार्ग कसा काढलात?" हा प्रश्न म्हणजे एक गोष्ट सांगण्याची मागणी आहे. आधी काय झालं, मग काय झालं, का झालं, तेव्हा मला काय वाटलं, शेवटी काय निघालं. त्यासाठी भूतकाळाची रूपं लागतात, 'म्हणून', 'तरीही', 'तोपर्यंत' या अर्थाचे जोडशब्द लागतात, आणि प्रसंगाला क्रम लावता यावा लागतो. गोष्टी वाचलेल्या, ऐकलेल्या, स्वतः सांगितलेल्या मुलाला ही सगळी सामग्री आयती मिळते. व्याकरणाच्या सुट्ट्या नियमांतून ती मिळायला फार काळ जातो, आणि बहुतेकांना मिळतच नाही.

शब्दांचंही तसंच आहे. शब्दार्थांच्या वहीत "रिलक्टंट म्हणजे नाखूश" असं दहा वेळा लिहूनही तो शब्द तोंडात येत नाही. गोष्टीतला मुलगा दप्तर ओढत, दर दहा पावलांवर मागं वळून बघत शाळेकडे निघालेला दिसला की तोच शब्द चिकटतो. पुढच्या पानावर, पुढच्या गोष्टीत तो पुन्हा भेटला की पक्का होतो.

मात्र इथे एक अट आहे आणि शिक्षणव्यवस्था ती वारंवार विसरते. हू आणि नेशन या अभ्यासकांनी २००० साली कथात्मक मजकुरावर केलेल्या प्रयोगातून असं दाखवलं की कुणाच्या मदतीशिवाय नीट समजावं यासाठी वाचणाऱ्याला मजकुरातले सुमारे ९८ टक्के शब्द ओळखीचे असावे लागतात. म्हणजे पन्नास शब्दांत अनोळखी शब्द साधारण एक. आपल्या नववीच्या मुलापुढे आपण जे उतारे ठेवतो, त्यातल्या एकेका ओळीत दोन-दोन शब्द अडतात. मग मूल वाचत नाही, उतारा उकरत बसतं. त्याचा दोष कथेला किंवा कवितेला देता येणार नाही. निवड चुकली, एवढाच त्याचा अर्थ. दहावीच्या मुलानं सहावीच्या पातळीची इंग्रजी गोष्ट वाचली तर त्यात कमीपणा काहीच नाही. अवघड धडा शिक्षकांबरोबर वाचावा, सोपी गोष्ट एकट्यानं. दोन्ही हवं.

फिजी बेटांवर झालेला एक प्रयोग यासाठी माहीत असायला हवा. वॉर्विक एली आणि फ्रान्सिस मांगुभाई यांनी तिथल्या ग्रामीण प्राथमिक शाळांत, जिथे इंग्रजी ही मुलांची घरची भाषा नव्हती, वर्गांना प्रत्येकी सुमारे २५० सचित्र गोष्टींची इंग्रजी पुस्तकं दिली. १९८३ मध्ये त्यांनी निष्कर्ष छापले. या मुलांचं वाचून आणि ऐकून समजण्याचं कौशल्य नेहमीच्या साच्यानं शिकणाऱ्या मुलांच्या जवळजवळ दुप्पट वेगानं वाढलं होतं. मुलं प्राथमिकची होती, आपली माध्यमिकची आहेत, हा फरक ध्यानात ठेवूनही मला हा प्रयोग फार मोलाचा वाटतो. आपल्याकडे कित्येक शाळांत गोष्टींची पुस्तकं आहेत, पण ती कपाटात आहेत आणि कपाटाला कुलूप आहे.

आता कविता. गोष्टीचं मोल पालकांना लवकर पटतं, कवितेचं पटत नाही. म्हणून एक कविता जरा जवळून दाखवते. रवींद्रनाथ ठाकुरांची 'व्हेअर द माइंड इज विदाउट फिअर' शाळेच्या पुस्तकांतून आपल्या कित्येक पिढ्यांना भेटलेली आहे. १९१२ साली निघालेल्या इंग्रजी 'गीतांजली'त ती आहे. पुढच्याच वर्षी त्यांना नोबेल मिळालं. वर्गात मी आधी सांगते की रवींद्रनाथांचे थोरले बंधू सत्येंद्रनाथ, म्हणजे आयसीएस झालेले पहिले भारतीय, आपल्या सोलापुरात न्यायाधीश होते आणि १८८९ च्या सुमारास रवींद्रनाथ त्यांच्याकडे येऊन राहिले होते. एवढं सांगितलं की वर्ग ताठ बसतो. पुस्तकातला दाढीवाला माणूस आपल्याच गावातून फिरून गेलेला असतो!

मग कविता दोनदा मोठ्यानं वाचायची. अर्थ सांगायचा नाही. पहिलं काम फक्त इतकंच की पूर्णविराम शोधा. मुलं शोधत जातात आणि चकित होतात, कारण अख्खी कविता मिळून वाक्य एकच आहे. सात वेळा 'व्हेअर' येतं. जिथे मन निर्भय आहे, जिथे ज्ञान मोकळं आहे, जिथे जगाचे तुकडे पडलेले नाहीत... एकामागून एक 'जिथे' येत राहतं आणि वाक्य काही पुरं होत नाही. मुख्य वाक्य कुठे आहे? अगदी शेवटच्या ओळीत: "लेट माय कंट्री अवेक."

आता खरा प्रश्न विचारायचा. कवीनं आपल्याला इतकं थांबवून का ठेवलं? "माझा देश जागा होवो" हे आधीच सांगून टाकता आलं असतं की. या प्रश्नावर वर्गात शांतता पसरते आणि ती पसरू द्यावी. घाईनं उत्तर सांगून टाकण्याचा मोह शिक्षकानं आवरावा. बऱ्याच वेळानं कुणीतरी म्हणतं, "कारण देश अजून तिथे पोचलेला नाही. आपल्यालाही वाट बघायला लावलीय." एका वर्षी एक मुलगा म्हणाला होता, "आधी सगळ्या अटी सांगितल्या सर, असल्या देशात जागं करा म्हणून. नुसतं जागं करून काय उपयोग?" चुकून मला सर म्हणाला, पण उत्तर लाखातलं होतं.

याच कवितेत 'माय फादर' येतं. दरवर्षी काही मुलांना वाटतं की कवी स्वतःच्या वडिलांशी बोलतोय. पुन्हा "कशावरून?" पहिलं अक्षर मोठं आहे. आदल्या ओळीत 'दी' (thee, म्हणजे 'तू'चं रूप) हा प्रार्थनेत येणारा जुना शब्द आहे. आणि देश जागा करायला कुणी घरच्या वडिलांना सांगेल का? तीन पुरावे जमले की मुलं आपण होऊन देवापर्यंत पोचतात. चाळीस मिनिटांच्या तासात गौण वाक्य आणि मुख्य वाक्य, विरामचिन्हं, सर्वनामं, मोठ्या लिपीतल्या अक्षराचं काम, एवढं व्याकरण होऊन जातं, आणि एकाही मुलाला आपण व्याकरण शिकतोय असं वाटत नाही. 'जगाचे तुकडे' या ओळीवर आमच्याकडे पुढचा अख्खा तास जाऊ शकतो, आणि जाऊ द्यावा.

कारण सोलापूरचा वर्ग म्हणजे भाषांची पेठ. पूर्व भागातलं मूल घरी तेलुगू बोलतं, अक्कलकोटकडचं कन्नड, कुणाच्या घरी उर्दू, शाळेत मराठी, गल्लीत खेळताना हिंदी. या मुलांना आपण "इंग्रजी कच्चं" म्हणतो, पण एका भाषेतली गोष्ट दुसरीत नेणं ही त्यांची रोजची सवय असते. आजीला मराठी नोटीस तेलुगूत सांगणारी मुलगी दिवसभर भाषांतरच करत असते. साहित्याच्या तासाला ही ताकद वापरता येते. माझा आग्रह आहे की कवितेवरची चर्चा मुलांना हव्या त्या भाषेत करू द्यावी आणि शेवटी निघालेलं उत्तर सगळ्यांनी मिळून इंग्रजीत बांधावं. आधी विचार, मग इंग्रजी. पहिल्या मिनिटापासून इंग्रजीचीच सक्ती केली की विचारही खुंटतो आणि इंग्रजीही येत नाही. चार हुशार मुलं बोलतात, उरलेली पन्नास वही रंगवत बसतात.

इतकं सगळं असेल तर मग मुलांना कविता नकोशी का होते? याचं कारण परीक्षेच्या तयारीच्या पद्धतीत आहे. दहावीला आता प्रश्नपत्रिकेच्या जागी कृतिपत्रिका आली. तिच्यात उताऱ्याखाली विद्यार्थ्याचं स्वतःचं मत विचारणारा प्रश्न असतो, कवितेचं रसग्रहण असतं. कल्पना उत्तम होती, स्वतः वाचणाऱ्या मुलाला यात वाव आहे. पण जूनमध्ये शाळा सुरू होताच पुस्तकांच्या दुकानांत गाईडांना मागणी येते आणि त्यात "माझं मत" सुद्धा छापून तयार मिळतं. मग अख्खा वर्ग एकच मत पाठ करतो. रसग्रहणाचं तर सूत्रच बनतं: शीर्षक, कवी, यमक, अलंकार, मध्यवर्ती कल्पना, आवडलेली ओळ. पन्नास मुलांना एकच ओळ आवडते. हे मला मनापासून खुपतं, कारण ज्या दोन प्रश्नांत मुलाला स्वतःचा आवाज काढायची मुभा होती, तिथेच आपण त्याला गप्प करतो. शिवाय यात गुणांचाही फायदा नाही. न शिकवलेल्या उताऱ्यावरचे प्रश्न पाठांतरानं सुटत नाहीत. ते सोडवायला पुन्हा तीच सवय लागते, स्वतः वाचून, आधार शोधून उत्तर देण्याची.

साहित्याच्या बाजूनं बोलणारेही कधीकधी फार पुढं जातात. कथा वाचल्यानं माणूस दुसऱ्याचं दुःख समजू लागतो, असं ठामपणे सांगितलं जातं आणि त्यासाठी २०१३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका प्रयोगाचा दाखला देतात. थोडा वेळ दर्जेदार कथा वाचून लोकांची इतरांच्या भावना ओळखण्याची क्षमता वाढल्याचं त्यात दिसलं होतं. पुढे इतर संशोधकांनी तो प्रयोग पुन्हा करून पाहिला तेव्हा तसा परिणाम आढळला नाही. २०१८ मध्ये अनेक प्रयोगांचे आकडे एकत्र तपासले गेले तेव्हा थोडासा चांगला परिणाम दिसला, पण थोडासाच. म्हणून पालकांना मी असं कधीच सांगत नाही की एक कथा वाचून तुमचा मुलगा दयाळू होईल. वर्षानुवर्षं, खूप वाचून, वाचलेल्यावर बोलून माणसात काय बदल होतो हे अर्ध्या तासाच्या प्रयोगात मोजता येत नाही, एवढंच म्हणेन. भाषेचा फायदा मात्र वर्गात डोळ्यांदेखत दिसतो.

आणखी एक आक्षेप येतो, तो शिकलेल्या मंडळींकडून. इंग्रजी साहित्य आपल्यावर लादलं ते इंग्रजांनी. ते आपण का वाहायचं? लादलं हे खरंच आहे. १८३५ च्या मेकॉलेच्या टिपणानंतर इंग्रजी शिक्षणाला जो जोर आला, त्यामागे राज्यकारभाराला सोयीची माणसं घडवण्याचा हेतू उघड होता. पण वाचणारे लोक राज्यकर्त्यांच्या हेतूत मावले नाहीत. जोतीराव फुले पुण्यात स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले, तरुणपणी टॉमस पेनचं माणसाच्या हक्कांवरचं पुस्तक त्यांच्या हाती पडलं आणि पुढचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे. सावित्रीबाईंनी १८५४ च्या 'काव्यफुले'मध्ये इंग्रजीला माउली म्हटलं. केशवसुतांनी इंग्रजी सॉनेट, म्हणजे चौदा ओळींची कविता, वाचलं आणि मराठीत सुनीत आलं. इंग्रजीतून हवं ते घेऊन आपलं करण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. शिवाय आजच्या इंग्रजी पुस्तकात फक्त इंग्लंडचे लेखक नसतात. भारतीय लेखक असतात, अनुवाद असतात. यंत्रमागाचा खडखडाट, विड्या वळणारे हात, सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा ज्यात येईल अशी सोप्या इंग्रजीतली गोष्ट आमच्या मुलांसाठी कुणीतरी लिहावी ही माझी जुनी इच्छा आहे. तोवर मी मुलांकडूनच तसे परिच्छेद लिहून घेते.

कविता ऐकायचीही असते. ज्या शिक्षकांना स्वतःच्या उच्चारांची धास्ती वाटते त्यांच्यासाठी पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची सोय आहे. ही कल्पना आपल्याच जिल्ह्यातल्या माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत सुरू झाली. तिथले तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं. कोड स्कॅन करा, ऐकवा, मग स्वतः वाचा. मुलं उच्चारांना हसत नाहीत, कंटाळ्याला हसतात.

राहिला प्रश्न वेळेचा. अभ्यासक्रम पुरा करायचा असतो, वर्गात साठ मुलं असतात, हे सगळं मला माहीत आहे. तरी दहावीच्या इंग्रजीत लेखी ८० गुणांची असते आणि उरलेले २० गुण शाळेच्या हातात असतात. त्या गुणांसाठी होणाऱ्या तोंडी परीक्षेला पाठ केलेला स्वपरिचय ऐकत बसण्यापेक्षा वर्षभरात वाचलेली कुठलीही एक इंग्रजी गोष्ट मुलानं सांगावी, मोडक्यातोडक्या वाक्यांत का होईना, आणि गोष्टीतल्या एका माणसानं तसं का केलं याचं आपलं उत्तर आधारासकट द्यावं. जानेवारीत परीक्षा घ्यायची असेल तर जूनमध्येच मुलांना हे सांगून ठेवावं, आणि त्याच दिवशी पुस्तकांचं कपाट उघडावं.